जांभूळ, कांदा आणि बाईचं हृदय

(कुळगावातल्या एका वस्तीत बायकांच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आहार आणि हृदय या विषयावर बोलायचं ठरलं की बायकांकडून येणारे प्रश्न बहुतेक एकाच साच्याचे असतात. ‘ह्यांचं कोलेस्टेरॉल वाढलंय, काय करून घालू?’ ‘सासऱ्यांची बायपास झालीय, लसूण दिला तर चालेल का?’ ‘मुलगा सारखं बाहेरचं खातो, त्याला काय सांगू?’ प्रश्न चांगलेच आहेत. पण ‘मला काय झालंय?’ किंवा ‘मी काय खाऊ?’ असं विचारणारी बाई क्वचितच भेटते. म्हणून आज भाजीपाल्याबद्दल, फळांबद्दल आणि त्यांतल्या द्रव्यांबद्दल बोलायचं आहे, पण ते आपल्या स्वतःच्या हृदयाच्या बाजूनं.

आधी एक समजूत दूर करू. हृदयविकार हा पुरुषांचा, त्यातही खुर्चीत बसून काम करणाऱ्या पुरुषांचा आजार आहे असं आपल्याला वाटतं. तसं नाही. भारतातल्या बायकांच्या मृत्यूंच्या कारणांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार अगदी वरच्या क्रमांकावर आहेत. पाळी असेपर्यंत बाईला थोडंफार संरक्षण असतं, पाळी गेल्यावर ते ओसरतं. २००४ साली ‘इंटरहार्ट’ नावाचा बावन्न देशांतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातली चरबी, पोटाचा घेर, मनावरचा ताण, व्यायामाचा अभाव, दारू आणि रोज फळं-भाज्या न खाणं या नऊ गोष्टींतून हृदयाच्या झटक्यांचा बहुतेक सगळा हिशेब लागतो, आणि हे पुरुषांइतकंच बायकांनाही लागू आहे. याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. आपल्या भागातल्या, म्हणजे भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ इथल्या माणसांना पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो. इतर देशांपेक्षा हे पाच-सहा वर्षं आधी.

त्या नऊ गोष्टींत ‘रोज फळं-भाज्या न खाणं’ ही एक आहे. आज मुख्यतः तिच्याबद्दल बोलू.

रंगात काय असतं?

झाडाला पाय नसतात. ऊन आलं, कीड आली, बुरशी आली तर ते पळून जाऊ शकत नाही. म्हणून स्वतःच्या रक्षणासाठी ते निरनिराळी द्रव्यं तयार करतं. कुणाला त्यामुळे रंग येतो, कुणाला वास, कुणाला तुरटपणा, कुणाला तिखटपणा. जांभळाचा आणि करवंदाचा गडद रंग, आमसुलाचा लाल रंग हा अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा. कांद्यात क्वेर्सेटिन असतं, तेही जास्त करून बाहेरच्या पापुद्र्यांत. चहाचा तुरटपणा, नाचणीच्या टरफलाचा तपकिरी रंग, हीसुद्धा याच मोठ्या कुटुंबातली मंडळी. या कुटुंबाला पॉलिफेनॉल म्हणतात आणि त्यातल्या एका मोठ्या शाखेला फ्लॅवोनॉइड. नावं लक्षात राहिली नाहीत तरी बिघडत नाही. ताटात रंग किती आहेत ते पाहायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

ही द्रव्यं हृदयाचं नेमकं काय भलं करतात? आपल्या रक्तवाहिन्यांना आतून एक अगदी पातळ अस्तर असतं. हे अस्तर निरोगी असलं की ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सूक्ष्म प्रमाणात सोडत राहतं, त्यामुळे रक्तवाहिनी सैल राहते आणि रक्त सहज वाहतं. या शोधासाठी १९९८ साली तिघा शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळालं. फ्लॅवोनॉइडमुळे अस्तराचं हे काम सुधारतं असं प्रयोगांत दिसलं आहे. माठ, पालक, बीट यांत नायट्रेट भरपूर असतं. आपल्या तोंडातले जीवाणू त्याचं रूप बदलतात आणि पुढे शरीरात त्यातूनही नायट्रिक ऑक्साइड बनतं, रक्तदाब थोडा उतरतो. कडधान्यं, भेंडी, मेथीदाणे, ओट यांतला बुळबुळीत चोथा आतड्यात पित्ताला धरून शरीराबाहेर नेतो. मग नवीन पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. तीळ, शेंगदाणे यांत कोलेस्टेरॉलसारखीच दिसणारी द्रव्यं असतात, ती आतड्यात कोलेस्टेरॉलची वाट अडवतात.

पूर्वी असं सांगितलं जायचं की ही द्रव्यं रक्तात फिरून शरीराला लागणारा ‘गंज’ थांबवतात. आता कळलंय की खाल्लेल्यातला फार थोडा भाग रक्तात पोचतो. बराचसा भाग मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंच्या हाती जातो आणि त्यांनी त्याचे जे तुकडे केलेले असतात तेच बहुधा काम करतात. म्हणजे गोष्ट आपल्याला वाटली होती त्यापेक्षा गुंतागुंतीची आहे.

अभ्यास कुणाचा झाला?

१९९३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नेदरलँड्समधल्या झुटफेन गावचा एक अभ्यास आला. ज्यांच्या आहारात चहा, कांदे आणि सफरचंदं यांतून फ्लॅवोनॉइड जास्त जात होते, त्यांच्यात हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. या विषयाला खरी चालना मिळाली ती या अभ्यासानं. त्यात ८०५ माणसं होती, वय ६५ ते ८४. आणि सगळे पुरुष! बाई एकही नाही. हृदयाच्या संशोधनात कितीतरी वर्षं हेच चालत आलं. पुरुषांना तपासायचं आणि निष्कर्ष सगळ्यांना लावायचे.

पुढे बायकांचेही अभ्यास झाले. २०१३ साली अमेरिकेतल्या ९३,६०० परिचारिकांच्या अठरा वर्षांच्या नोंदींवरून दिसलं की ज्यांच्या खाण्यात जांभळ्या-लाल रंगाचं ते अँथोसायनिन सगळ्यांत जास्त होतं, त्यांना हृदयाच्या झटक्याचा धोका सगळ्यांत कमी खाणाऱ्यांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी होता. अभ्यासाच्या सुरुवातीला या बायका २५ ते ४२ वर्षांच्या होत्या, म्हणजे ‘हृदयाची काळजी करायचं वय’ असं आपण ज्याला म्हणतो त्याच्या कितीतरी आधीच्या. आपल्या देशातही दिल्ली आणि बंगलोरच्या रुग्णालयांत असा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. झटका आलेले ३५० आणि न आलेले ७०० असे लोक तपासले. आठवड्यातून तीन-चार वेळा पालेभाजी खाणाऱ्यांमध्ये, जवळपास न खाणाऱ्यांच्या मानानं, धोका खूपच कमी दिसला.

इथे जरा थांबून विचार करायला हवा. जी बाई रोज फळं खाते, तिच्या हातात बहुधा पैसेही असतात, चालायला जायला वेळ असतो, डॉक्टरकडे ती वेळेवर जाते. मग हृदय राखलं ते फळानं की पगारानं? अभ्यासक हे सगळं हिशेबात धरायचा प्रयत्न करतात, तरी शंका पुरती फिटत नाही. म्हणून खात्रीची कसोटी अशी, की चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना द्रव्य द्यायचं, निम्म्यांना नुसती खोटी गोळी द्यायची आणि वाट पाहायची. कोकोतल्या फ्लॅवोनॉइडची अशी चाचणी अमेरिकेत झाली, २१,४४२ माणसांवर. तिला चॉकलेट बनवणाऱ्या मार्स कंपनीचं पाठबळ होतं. २०२२ साली निकाल आला. हृदयविकारानं होणारे मृत्यू कमी दिसले, पण झटका, पक्षाघात वगैरे सगळं मिळून जी मुख्य बेरीज होती तिच्यात खात्रीनं सांगावा असा फरक पडला नाही. म्हणून आज आपण एवढंच म्हणू शकतो, की ही द्रव्यं हृदयाला मदत करत असावीत. खात्रीचं आहे ते असं, की भाज्या, फळं, डाळी, दाणे, न सडलेली धान्यं असा आहार हृदयाला चांगला.

गोळीची भुरळ

द्रव्य चांगलं म्हटल्याबरोबर बाजारात त्याच्या गोळ्या येतात. डबीवर हिरवं पान आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द असतो. आपल्या ओळखीतलीच एखादी ताई ती विकायला येते, कारण तिलाही घर चालवायचं असतं. पण काही गोष्टी माहीत असू द्या. गाजरातलं बीटा-कॅरोटिन चांगलं म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत काहींना त्याच्या गोळ्या दिल्या. १९९४ साली निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला! ई जीवनसत्त्वाची चाचणी अमेरिकेत सुमारे चाळीस हजार बायकांवर दहा वर्षं झाली. २००५ साली कळलं की हृदयाचे झटके काही त्यानं कमी झाले नाहीत. गाजर खाणं आणि गाजरातलं एक द्रव्य काढून गिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हजार रुपयांच्या डबीत किती आठवड्यांची भाजी येईल याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

तीच गोष्ट घरगुती उपायांची. लसूण खा, अवश्य खा. ठेचल्यावर किंवा चिरल्यावरच त्यातलं द्रव्य तयार होतं, म्हणून ठेचून पाच-दहा मिनिटं ठेवावा आणि मग फोडणीला टाकावा. पण लसूण सुरू केला म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करायची नाही. जांभळाच्या बियांची पूड सुरू केली म्हणून साखरेची गोळी बंद करायची नाही. रक्त पातळ ठेवायचं वॉरफेरिनसारखं औषध चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू किंवा सोडू नये, कारण पाल्यातल्या के जीवनसत्त्वाचा त्या औषधाशी उलटा संबंध आहे. किडनीचा आजार असेल तर फळं-भाज्या किती खायच्या ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

आणि एक गोष्ट खास आपल्यासाठी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे या खोलीत बसलेल्यांपैकी निम्म्या. चहात जे पॉलिफेनॉल हृदयाला चांगलं म्हणतात, तेच जेवणातलं लोह धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. सकाळी चहा-चपाती, दुपारी चार घास आणि वर चहा हा ज्या बाईचा आहार आहे, तिला ‘चहा हृदयाला चांगला’ हा सल्ला परवडणारा नाही. चहा प्या, पण जेवणानंतर तासभर जाऊ द्या. आणि भाजीवर लिंबू पिळा, त्यानं लोह अंगी लागायला मदत होते. पुरुषांवर केलेला अभ्यास जसाच्या तसा बायकांना लावला तर काय होतं ते यावरून दिसतं.

आपल्या दारातलं

परदेशातल्या अभ्यासांत स्ट्रॉबेरी आणि ब्लूबेरी आहेत म्हणून त्या आणायला जायची गरज नाही. बदलापूरचं जांभूळ तर इतकं नावाजलेलं आहे की त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. जवळच्या एका गावाचं नावच जांभूळ आहे. मे-जूनमध्ये ठाकूर-कातकरी बायका जांभळं, करवंदं घेऊन स्टेशनजवळ बसतात. पाऊस पडला की शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कंटोली येतात. शेवळं काकडं घालूनच शिजवायची, नाहीतर घसा खवखवतो, हे ज्ञान कुठल्या विद्यापीठानं दिलेलं नाही, ते या बायकांनी जपलेलं आहे. पलीकडे उल्हासनगरला फाळणीनंतर येऊन वसलेल्या सिंधी मैत्रिणींची साई भाजी पाहा. पालक, चुका, टोमॅटो, चण्याची डाळ, सगळं एकाच भांड्यात. आहारतज्ज्ञानं कागदावर लिहून द्यावी अशी ती भाजी आहे.

वटपौर्णिमेला आपल्याकडे आंबा, फणसाचे गरे, जांभूळ, करवंद, केळं असं पाच फळांचं वाण देतात. नवऱ्याच्या आयुष्यासाठी ही फळं घरात येतात आणि बाई मात्र त्या दिवशी साबुदाण्यावर असते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ सत्त्व, त्यात ना चोथा ना रंग. उपास करायचा की नाही हा जिचा तिचा प्रश्न. पण केलाच तर फळं खाऊन, राजगिरा, रताळं, दाणे खाऊन करा. वाणातली चार जांभळं आपल्याही तोंडात पडू द्या.

पालेभाजी निवडणार कोण?

आता मूळ मुद्द्याकडे येते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणशी दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या हव्यात. पाच माणसांच्या घरात रोज दोन किलो, आठवड्याला चौदा किलो. ही आणायची कुणी, निवडायची, धुवायची, चिरायची कुणी? कामावर जाणाऱ्या बायकांची पालेभाजी इथून सीएसएमटीपर्यंत अडुसष्ट किलोमीटरच्या प्रवासात लोकलच्या डब्यात निवडली जाते. लोक त्याचं कौतुक करतात, फोटो काढतात. पण बाईला घरी बसून भाजी निवडायला वेळ नाही आणि घरातलं दुसरं कुणी हात लावत नाही, असाच त्या फोटोचा अर्थ आहे. ‘आहारात भाज्या वाढवा’ हा सल्ला जेव्हा दवाखान्यात दिला जातो, तेव्हा बाईच्या कामाचा एक तास वाढवला जातो, हे सल्ला देणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. आणि एवढं करून भाजी पानात वाढली जाते ती शेवटी उरेल तशी. भांड्याच्या तळाशी रस्सा आणि कालची पोळी, हे तिचं जेवण.

पैशाचंही तेच. भारतासह अठरा देशांतल्या एका अभ्यासात २०१६ साली हिशेब मांडला होता. गरीब देशांत एका माणसानं रोज दोन वाट्या फळं आणि तीन वाट्या भाजी खायची म्हटलं तर कुटुंबाच्या उत्पन्नातला जवळजवळ ५२ टक्के वाटा त्यातच जाईल. श्रीमंत देशांत हाच खर्च दोन टक्क्यांहूनही कमी. वडापाव लोक अडाणीपणामुळे खात नाहीत, तो स्वस्त आहे, लगेच मिळतो आणि उभ्या उभ्या खाता येतो म्हणून खातात. म्हणून फळं-भाज्या खाणं ही नुसती सवयीची बाब नाही. ती वेळेची, पैशाची आणि हक्काची बाब आहे.

काय करायचं?

घरात करायच्या गोष्टी सोप्या आहेत. भाजी सर्वांच्या पानात एकदम वाढायची आणि बाईनंही त्याच पंगतीला बसायचं. पालेभाजी निवडायला नवऱ्यानं आणि मुलांनी बसायचं, मुलग्यांनीसुद्धा. पालेभाजीचं शिजवलेलं पाणी ओतून द्यायचं नाही, ते आमटीत घालायचं. कांद्याची पात, मुळ्याचा पाला, कोबीचा बाहेरचा हिरवा भाग टाकायचा नाही. ही सगळ्यांत स्वस्त भाजी. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे माणशी एक छोटा चमचा, त्यातच पापड, लोणचं, फरसाण, सुकी मासळी सगळं आलं. आणि मिश्री. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, दात घासायच्या निमित्तानं दिवसातून चार वेळा रक्तात जाणारा. किलोभर जांभळं खाऊन मिश्रीचं नुकसान भरून निघत नाही.

काही गोष्टी मात्र एकटीनं होणाऱ्या नाहीत. स्टेशनजवळ जांभळं आणि रानभाज्या विकणाऱ्या बायकांना उठवलं जातं, तेव्हा त्यांची रोजी जातेच, शिवाय आपल्या ताटातली स्वस्त भाजीही जाते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं त्यांना संरक्षण दिलं आहे. त्यांना हक्काची, सावलीची जागा मिळावी ही मागणी आपलीही आहे. इमारतींसाठी जांभळाची झाडं तोडली जातात, तिथेही आपण बोललं पाहिजे. झाडच गेलं तर मानांकनाचा कागद काय कामाचा?

शेवटी लक्षणांबद्दल. छातीवर हात ठेवून कोसळणारा माणूस आपण सिनेमात पाहतो. बाईलाही छातीत दुखतं, पण कित्येकदा त्याच्याबरोबर किंवा त्याच्याऐवजी जबडा, मान, पाठ दुखते, दम लागतो, मळमळतं, दरदरून घाम येतो, कधी नव्हे एवढा थकवा येतो. घरचे म्हणतात ॲसिडिटी असेल. बाई म्हणते, एवढ्या पोळ्या लाटते आणि मग पडते. पोळ्या राहू द्या. १०८ ला फोन करा आणि जिथे ईसीजी निघतो अशा दवाखान्यात जा. तिथे कुणी ‘टेन्शन असेल’ म्हणून परत पाठवू लागलं तर ईसीजी काढा असं स्पष्ट सांगा. तिशीनंतर रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासून मिळते, ती आपल्या हक्काची तपासणी आहे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपला रक्तदाब तपासून आकडा कागदावर लिहून आणायचा. ज्या जणींना एकटीनं जायला संकोच वाटतो त्यांनी दोघी-तिघी मिळून जायचं. येत्या मंगळवारी सकाळी आपण इथूनच निघू. ज्यांना यायचं असेल त्यांनी जायच्या आधी नावं द्या.